‘ई-इनव्हॉइस रेडी’चा शिक्का मारून मोकळे होणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांना खुलं पत्र

बिलिंग, अकाउंटिंग, ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारी) असली सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सगळ्या मंडळींना,

नमस्कार. मी तुमच्यातली नाही आणि तुमची गिऱ्हाईक पण नाही, मी मधली आहे. तुम्ही प्रॉडक्ट बनवता, कंपन्या ते विकत घेतात, आणि ते तिथे चालू करून द्यायचं, जुना डेटा भरायचा, लोकांना शिकवायचं आणि महिनाअखेरीला काही अडलं की फोन उचलायचा, हे काम माझं. त्यामुळे तुमच्या ब्रोशरमध्ये काय लिहिलंय ते पण मी वाचते आणि संध्याकाळी सात वाजता अकाउंट्सच्या माणसासमोर स्क्रीनवर काय येतं ते पण बघते. या दोन्हीत जे अंतर आहे त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, आज बसलेय एकदाची.

हल्ली प्रत्येक रिलीज नोटमध्ये एक ओळ असतेच, ‘ई-इनव्हॉइस रेडी’. उघडून बघितलं की काय असतं, तर बिलाच्या स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात एक नवीन बटण. दाबलं की एक्सएमएल फाइल, म्हणजे मशीनला वाचता येईल अशा रचनेतली फाइल, तयार होते आणि डाउनलोड्समध्ये जाऊन पडते, बास, पुढे तुमचं तुम्ही बघा. काही जण तर त्याच्याही अलीकडे थांबलेत, बिलाची पीडीएफ आपोआप मेल होते म्हणून त्यालाच ई-इनव्हॉइस म्हणतात. अहो, ती पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटोच की. समोरच्या कंपनीतला माणूस ती उघडतो आणि आकडे परत हाताने टाइप करतो. युरोपियन युनियनच्या २०१४ च्या डायरेक्टिव्हमध्येच, म्हणजे सदस्य देशांसाठीच्या कायद्यातच, स्पष्ट लिहिलंय की ठरलेल्या रचनेच्या इलेक्ट्रॉनिक फॉरमॅटमध्ये काढलेलं, पाठवलेलं आणि मिळालेलं बिल, जे मशीनला आपोआप वाचता येतं, तेच ई-इनव्हॉइस. जर्मनीत तर १ जानेवारी २०२५ पासून नुसती पीडीएफ कायद्याने ई-इनव्हॉइस धरतच नाहीत. डायरेक्टिव्हच्या त्या व्याख्येत ‘पाठवलेलं’ आणि ‘मिळालेलं’ हे दोन शब्द पण आहेत बघा, ते तुमच्या बटणात कुठे दिसत नाहीत.

आता एक किस्सा सांगते, म्हणजे मी कशाबद्दल बोलतेय ते कळेल.

महिनाअखेरीला फोन आला, अकाउंट्समधली मुलगी, नवीनच लागलेली. बिल जातच नाहीये म्हणाली. स्क्रीन शेअर करायला लावली तर लाल पट्टीत लिहिलेलं, ‘व्हॅलिडेशन फेल्ड. बीआर-सीओ-१५’, म्हणजे तपासणीत नापास आणि मोडलेल्या नियमाचा नंबर. एवढंच. ना कुठली फील्ड, ना कुठला आकडा. तिने तोपर्यंत ते बिल चार वेळा डिलीट करून परत बनवलं होतं, म्हणजे मधले नंबर गेले, ते वेगळंच. बिल अगदी साधं. एकच आयटम तीन ठिकाणी पाठवायचा म्हणून ऑर्डरमध्ये तीन लाइन, प्रत्येक लाइन १२.४५ ची, टॅक्स १९ टक्के. तुमच्या सॉफ्टवेअरने काय केलं, तर प्रत्येक लाइनचा टॅक्स वेगळा काढला, २.३६५५ चा राउंड करून २.३७ केला, तीनदा मिळवला, ७.११. एकूण बिल ४४.४६. आणि एक्सएमएल बनवणारं जे मॉड्यूल आहे, जे बहुतेक दुसऱ्याच टीमने नंतर लिहिलं असणार, त्याने नियमाप्रमाणे ३७.३५ च्या बेरजेवर एकदाच टॅक्स काढला, ७.०९६५, म्हणजे ७.१०. पण एकूण रक्कम मात्र स्क्रीनवरचीच उचलली. मग फाइलमध्ये ३७.३५ अधिक ७.१० बरोबर ४४.४६ असं लिहिलं गेलं. बीआर-सीओ-१५ हा ईएन १६९३१ या ई-इनव्हॉइसच्या युरोपियन स्टँडर्डमधला नियम एवढंच म्हणतो की टॅक्सशिवायची रक्कम अधिक टॅक्स म्हणजे टॅक्ससकटची रक्कम व्हायला पाहिजे. चौथीतल्या पोराला पण पटेल असा नियम. ०.०१ साठी बिल अडलं.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या मुलीने स्वतःच डोकं लढवून तीन लाइनची एक लाइन केली, क्वांटिटी ३, आणि बिल गेलं! खूश झाली बिचारी. आठ दिवसांनी तेच बिल समोरच्या कंपनीने अडवून ठेवलं, कारण त्यांच्या ऑर्डरमध्ये तीन लाइन आणि बिलात एक, त्यांच्या सॉफ्टवेअरला मॅच होईना. आणि ते अडलंय हे हिला कळलं कसं, तर पेमेंट आलं नाही म्हणून तिच्या साहेबांनी फोन केला तेव्हा. तिच्या स्क्रीनवर त्या बिलापुढे हिरव्या अक्षरात ‘सेंट’ लिहिलेलं होतं, आणि ते अजूनही तसंच असेल.

म्हणजे या एका बिलात तीन ठिकाणी माती खाल्ली, हिशोब दोन जागी दोन पद्धतीने केला, चूक माणसाच्या भाषेत सांगितली नाही, आणि बिल गेल्यावर त्याचं काय झालं हे विचारायची सोयच ठेवली नाही. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही मनावर घेतलं तर एका रिलीजमध्ये सुधारतील. टॅक्स कुठल्या पातळीवर राउंड करायचा ते एकाच ठिकाणी ठरवा आणि स्क्रीन, प्रिंट, लेजर, एक्सएमएल सगळ्यांनी तिथूनच आकडा घ्यावा. बिल पूर्णांकात करायची सवय असेल तर त्या राउंड ऑफसाठी स्टँडर्डमध्ये वेगळी फील्ड आहे, ती वापरा, उगाच ‘इतर खर्च’ नावाची लाइन घुसडू नका. आणि एररचं म्हणाल तर नियमाचा नंबर खाली बारीक अक्षरात खुशाल ठेवा, आम्हाला लागतो तो, पण वर लिहा ना की ‘एकूण रक्कम ४४.४६ आहे, बेरीज ४४.४५ येते’. तिला लगेच समजलं असतं.

तिसरी गोष्ट मात्र मोठी आहे.

तुमच्या डोक्यात बिल म्हणजे सेव्ह केलं, प्रिंट काढली, संपलं. तुमचं सगळं डेटाबेस याच समजुतीवर उभं आहे, आणि कागदाच्या काळात ते बरोबर पण होतं, पाकीट पोस्टात पडलं की आपलं काम झालं. ई-इनव्हॉइसचं बिल बटण दाबल्यावर जिवंत होतं. ते कुठेतरी तपासलं जातं, पास होतं किंवा नाकारलं जातं, समोरच्याला पोचतं, तो त्यावर शंका काढतो, मान्य करतो, पैसे देतो. पेपॉल नावाचं कंपन्यांमध्ये ई-इनव्हॉइस पोचवणारं आंतरराष्ट्रीय नेटवर्क आहे, त्यावर तर यासाठी ठरलेले कोड आहेत, मिळालं, प्रोसेसमध्ये आहे, शंका आहे, अटीवर मान्य, नामंजूर, मान्य, पैसे दिले, असे सात. तुमच्या स्क्रीनवर दोनच आहेत, ‘ड्राफ्ट’ आणि ‘सेंट’. उरलेली सगळी गोष्ट माणसं फोनवर आणि मेलवर निस्तरतायत.

त्यात अजून एक अवस्था आहे जी मला अजून एकाही डेमोमध्ये नीट दिसली नाही, ती म्हणजे ‘माहीत नाही’. बिल पाठवलं, पलीकडे पोचलं पण असेल, उत्तर यायच्या आत नेट गेलं. आता ते गेलं की नाही गेलं? तुमचं सॉफ्टवेअर छातीठोकपणे सांगतं ‘फेल्ड’. माणूस परत दाबतो. पलीकडून उत्तर येतं की हे बिल आधीच नोंदलंय, डुप्लिकेट आहे. तुमचं सॉफ्टवेअर परत म्हणतं ‘फेल्ड’. अरे, नोंदलंय म्हणतोय ना तो! मग माणूस वैतागून नवीन नंबर टाकून तेच बिल तिसऱ्यांदा पाठवतो आणि आता खरोखरची दोन बिलं झाली, एक तुमच्या पुस्तकात आणि दोन सरकारकडे. हे मी नुसतं ऐकलेलं नाही, निस्तरलेलं आहे, चुकीची बिलं उलटवणाऱ्या क्रेडिट नोटा काढून काढून. उत्तर आलं नाही तर आधी त्या नंबरचं बिल तिकडे आहे का ते विचारायचं आणि मगच पुन्हा पाठवायचं, एवढं साधं आहे हो. विचारायची सोय बहुतेक यंत्रणांमध्ये दिलेली असते, तुम्हीच ती वापरत नाही.

बिल रद्द करायचं म्हटलं की तर विचारूच नका. तुमच्याकडे एकच डिलीट बटण आणि जगात प्रत्येक ठिकाणी रद्द करण्याचा अर्थ वेगळा. इटलीत २०१९ पासून कंपन्यांमधली बिलं एसडीआय नावाच्या सरकारी यंत्रणेतून जातात, तिने नाकारलं तर ते बिल काढलंच नव्हतं असं धरतात आणि पाच दिवसांत दुरुस्त करून परत पाठवता येतं, त्याच नंबरने पण चालतं. भारतात बरोबर उलटं, सरकारी पोर्टलवर बिलाची नोंद झाली की विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यांच्यापासून ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, बनतो, तिथे रद्द करायला २४ तास मिळतात, आणि रद्द केलं तरी तो नंबर कायमचा गेला, परत वापरता येत नाही. मेक्सिकोत बऱ्याच बिलांच्या बाबतीत रद्द करायला समोरच्याची संमती मागावी लागते. आता हे सगळं एका डिलीट बटणात कसं बसवणार? तरी बसवलंय लोकांनी, बटण दाबलं की तुमच्या डेटाबेसमधून बिल गायब आणि सरकारकडे जिवंत. ऑडिटच्या वेळी मजा येते मग.

सौदी अरेबियाचं अजून निराळं. तिथे दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे जानेवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने, प्रत्येक बिलात आधीच्या बिलाचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेला ठसा, टाकावा लागतो आणि एक चढता काउंटर. म्हणजे बिलांची साखळी झाली. तुमचा कोड जर वेग वाढवायला एकाच वेळी दहा बिलं समांतर पाठवत असेल, जसं तुमचे डेव्हलपर अभिमानाने सांगतात, तर ती साखळी तिथेच तुटली. एक कडी मागेपुढे झाली की कोणाला सापडणार ती. हे नंतर चिकटवायचं काम नाहीये, बिलाला नंबर कधी द्यायचा, लॉक कधी करायचं, रांग कशी लावायची हे मुळातूनच ठरवावं लागतं.

आणि तुमच्यातले काही म्हणतील, आमची गिऱ्हाइकं लहान आहेत, त्यांना हे लागू नाही. तसं सगळेच म्हणतात, सुरुवातीला. भारतात ई-इनव्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीपासून सुरू झाली, ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींपर्यंत खाली आली, तीन वर्षं पण नाही झाली. बेल्जियममध्ये १ जानेवारी २०२६ पासून देशातल्या कंपन्यांनी एकमेकांना अशीच बिलं द्यायची. युरोपियन युनियनमध्ये एका देशातल्या कंपनीने दुसऱ्या देशातल्या कंपनीशी केलेल्या व्यवहारांना जुलै २०३० पासून. चिलीत तर ई-इनव्हॉइस २००३ पासून चालू आहे, नवीन फॅशन वगैरे काही नाही. आणि जिथे पाठवायची सक्ती नाही तिथे पण घ्यायची सक्ती आधी येते, जर्मनीत २०२५ पासून आत्ता तेच चाललंय, लहान कंपनीने पाठवलं नाही तरी आलेलं वाचता आलं पाहिजे.

त्यावरून आठवलं, घ्यायचं काय? पाठवायचं बटण तरी आहे, आलेलं बिल आत घ्यायचं तर तुमच्याकडे काहीच नाही. मी एका ठिकाणी डोळ्यांनी बघितलंय, सप्लायरकडून सुंदर एक्सएमएल येतं, ते कोणालाच वाचता येत नाही, म्हणून ते एका फुकटच्या व्ह्यूअरमध्ये उघडतात, त्याची प्रिंट काढतात, आणि प्रिंट बघून तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये परचेस एंट्री करतात. हसावं की रडावं! आणि फॅक्टुर-एक्स किंवा झुगफर्ड असेल, म्हणजे पीडीएफच्या पोटात एक्सएमएल, तर लोक ती प्रिंट काढून, सही घेऊन, परत स्कॅन करून फाइलला लावतात, म्हणजे पोटातलं एक्सएमएल गेलं आणि उरला फोटो. पाठवणाऱ्याने घेतलेली सगळी मेहनत पाण्यात. खरं तर ई-इनव्हॉइसचा फायदा घेणाऱ्यालाच जास्त आहे, ऑर्डर नंबर जुळव, माल आला का बघ, टॅक्स तपास, एंट्री तयार, माणसाने फक्त नजर टाकायची. हे विकायला किती सोपं आहे तुम्हाला! कायद्याची भीती दाखवून बटण विकण्यापेक्षा वाचलेले तास दाखवून विका की.

मास्टर डेटाबद्दल, म्हणजे गिऱ्हाइकं, माल, युनिट यांच्या मूळ नोंदींबद्दल, थोडक्यात सांगते, कारण यावर मी एकटीच रात्रभर बोलू शकते. आजपर्यंत युनिटच्या फील्डमध्ये लोकांनी नग, पीस, पीसेस, पीसीएस टिंबासकट आणि टिंबाशिवाय, असं वाटेल ते लिहिलंय आणि तुम्ही लिहू दिलंय. स्टँडर्डला तिथे यादीतला कोड लागतो, किलोला केजीएम, तासाला एचयूआर, नगाला एच८७. टॅक्स नाही लावला तर का नाही लावला त्याचा कोड लागतो, नुसतं शून्य टक्के लिहून भागत नाही, शून्य दर आणि माफी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेक्सिकोत २०२२ ला नवीन व्हर्जन आलं त्यात गिऱ्हाइकाचं नाव टॅक्स खात्याकडे जसं नोंदलंय तस्संच आणि पिनकोड पण बरोबर लागतो, नाहीतर बिल परत. आता हे बिल करताना शेवटच्या क्षणाला कळून काय उपयोग, ट्रक दारात उभा असताना कोण पिनकोड शोधणार? पार्टी मास्टरमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाची नोंद जिथे असते तिथे, सेव्ह करतानाच तपासा, आणि सुरुवात करताना एक रिपोर्ट द्या की तुमच्या एवढ्या पार्ट्यांची, एवढ्या आयटमची माहिती अपुरी आहे. हा रिपोर्ट मी दर वेळी एक्सेलमध्ये हाताने बनवते. दर वेळी!

आता बांधायचं कसं, त्याबद्दल मी डेव्हलपर नाही तरी सांगते, आगाऊपणा वाटला तर वाटो. प्रत्येक देशाचा फॉरमॅट बिलाच्या कोडमध्ये कोंबू नका. आतलं बिल एकच ठेवा, नीट, सगळ्या फील्डसकट, आणि बाहेर जाताना त्याचं यूबीएल करा, सीआयआय करा, जेसन करा (हे सगळे फाइलचे वेगवेगळे फॉरमॅट), ते भाषांतर वेगळ्या जागी. ईएन १६९३१ चं डोकंच असं आहे, अर्थ एक आणि लिहिण्याच्या पद्धती दोन, यूबीएल आणि सीआयआय. नियम बदलत राहणार, पेपॉलचे तर वर्षातून साधारण दोनदा बदलतात, त्यामुळे नियमांची फाइल बदलायला अख्खं सॉफ्टवेअर अपग्रेड करायला लावू नका, त्या अपग्रेडसाठी रविवारी मलाच जावं लागतं. नेटवर्कला जोडायचं काम स्वतः करायचं नसेल तर नका करू, ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नेटवर्कचं दार, देणारे आहेत, एकदा त्यांच्याशी जोडलं की पलीकडे कोण कुठल्या ॲक्सेस पॉइंटवर आहे ते नेटवर्क शोधतं, चार कोपऱ्यांचं मॉडेल म्हणतात ते हेच, पाठवणारा, त्याचा ॲक्सेस पॉइंट, घेणाऱ्याचा ॲक्सेस पॉइंट आणि घेणारा. त्यात कमीपणा काही नाही. पण मग त्यांच्याकडून येणारी सगळी उत्तरं आपल्या स्क्रीनवर आणा, ‘स्टेटस बघायला सर्व्हिस प्रोव्हायडरच्या वेबसाइटवर लॉगिन करा’ हे चालणार नाही, अकाउंट्सची माणसं आधीच चौदा पासवर्ड सांभाळतायत.

आणि पाठवलेली फाइल जशीच्या तशी जपून ठेवा. डेटाबेसमधून परत बनवू म्हणू नका, मधे पार्टीचा पत्ता बदलला की परत बनवलेलं बिल वेगळं निघतं. जे गेलं, आणि त्याला जे उत्तर आलं, ते दोन्ही बिलाला जोडलेलं पाहिजे, आणि काही वर्षांनी तुमचं सॉफ्टवेअर सोडलं तरी ते बाहेर काढता आलं पाहिजे. या शेवटच्या वाक्यावर तुमच्या सेल्सवाल्यांचं तोंड वाकडं होणार हे मला माहितीये.

एक मान्य करते, सगळी चूक तुमची नाही. शेवटच्या क्षणी बदलणारे नियम, टेस्ट सर्व्हरवर एक आणि खऱ्या सर्व्हरवर दुसरंच वागणाऱ्या यंत्रणा, पुढे ढकललेल्या तारखा, यात तुमची पण ओढाताण होते, मी बघितलीय. तारीख पुढे गेली की तुमचा मॅनेजर ती टीम दुसऱ्या कामाला लावतो आणि नवीन तारीख डोक्यावर आली की परत पळापळ, हे पण दिसतं बाहेरून. पण त्या पळापळीत जे बनतं ते बटणच असतं, आणि मग ते तसंच राहतं वर्षानुवर्षं.

तर आता माझं मागणं. पुढच्या वेळी डेमोला बोलवाल तेव्हा पास होणारं बिल दाखवू नका, ते कोणाचंही होतं. मला नाकारलेलं बिल दाखवा. मधेच नेटची वायर काढा आणि स्क्रीनवर काय येतं ते दाखवा. त्या १२.४५ च्या तीन लाइन टाका. समोरून ‘शंका आहे’ असं उत्तर आलं तर ते कोणाच्या स्क्रीनवर, कुठे, कुठल्या शब्दांत दिसतं ते दाखवा, आणि ते बघायला त्या दिवशी मी एकटी येणार नाही, अकाउंट्समधली एक मुलगी सोबत घेऊन येईन, बटण तिला दाबू द्या.

तुमचंच सॉफ्टवेअर लोकांकडे बसवून देणारी,
एक मधली